पावतीवर न आलेली सेवा

आजारी आईवडिलांची शुश्रूषा भावंडांनी दुरून वाटून घेणे ही मोबाइल आणि व्हॉट्सॲपच्या काळातली गोष्ट आहे, असे साधारणपणे मानले जाते. एक भाऊ पुण्यात, दुसरा बंगळुरात, बहीण न्यू जर्सीत आणि आई नाशिकला अंथरुणावर. सगळ्यांचा मिळून एक ग्रुप, त्यावर रक्ताचे अहवाल, औषधांची बिले, डॉक्टरांच्या भेटीच्या वेळा. हे चित्र आजचे आहे खरे, पण त्याचा सांगाडा जुना आहे. तो १८७९-८०च्या सुमारास टपाल खात्याने घडवला, आणि त्यात तेव्हा जी एक जागा कोरी राहिली ती पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे जवळजवळ तशीच राहिली. प्रस्तुत लेखात त्या कोऱ्या जागेचा माग काढायचा आहे.

त्याआधी काय होते हे पाहायचे तर विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण सोयीचे आहे. घरच्या कर्जाची फेड व्हावी म्हणून ते १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि काही वर्षांनी घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण झाशीच्या हकिकतीसाठी वाचतो. परंतु वृद्ध आईवडिलांना मागे ठेवून निघालेल्या मुलाची कथा म्हणूनही तो वाचता येतो. वाटेत असताना घरी काय चालले आहे हे कळण्याचा खात्रीचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता, आणि ते जिवंत आहेत की नाहीत हे घरच्यांना कळण्याचाही नव्हता. परतताना त्यांनी गंगेची कावड आणली आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. दूर गेलेल्या मुलाची सेवा ती अशी: एकदाच, परत आल्यावर, स्वतःच्या हाताने. मधल्या काळातली सेवा जे घरी होते त्यांनी केली. ती वाटून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण वाटून घेण्यासाठी लागणारे साधनच नव्हते.

ते साधन पुढच्या पाव शतकात आले. १ जुलै १८७९ रोजी भारतात पोस्टकार्ड सुरू झाले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. १८८० पासून टपाल कचेऱ्यांतून मनीऑर्डर मिळू लागली. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली होती, आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून गिरण्यांकडे माणसांची रीघ लागलेली होती. गिरणीतल्या पगारात मुंबईत बिऱ्हाड करणे बहुतेकांना परवडत नसे. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष, जेवायला खानावळ, आणि बायको गावी, हीच रूढ पद्धत झाली. बायको गावी राहण्याचे खरे कारण खोलीचे भाडे हे होते. घरात मात्र ते ‘म्हाताऱ्यांकडे बघायला कोणी हवे ना’ अशा शब्दांत सांगितले जाई. दोन्ही कारणे खरी होती, पण पहिले नसते तर दुसऱ्याची इतकी आठवण झाली असती का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

मनीऑर्डरचा फॉर्म ही वस्तू नीट पाहण्यासारखी आहे. त्याला एक कूपन जोडलेले असे. त्यावर चार ओळी मजकूर लिहायला जागा असे, आणि पैसे देताना पोस्टमन ते कूपन घेणाऱ्याच्या हाती ठेवी. बहुतेक वेळा वाचूनही तोच दाखवी. दुसरा भाग पोचपावतीचा. पैसे मिळाल्याची सही किंवा साक्षीदारासमोर उठवलेला अंगठा घेऊन ती पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे परळच्या चाळीतल्या मुलाला महिन्याकाठी आईच्या अंगठ्याचा ठसा पाहायला मिळत असे. तिला लिहिता येत नसले तरी ती अंगठा उठवण्याइतकी शुद्धीवर आहे, एवढी बातमी त्या शाईतून त्याला कळे. टपाल खात्याने ती पावती पैशांच्या खात्रीसाठी ठेवली होती. लोकांनी तिच्यातून आपल्या कामापुरती प्रकृतीची वार्ताही काढून घेतली.

अशा रीतीने आजारपणातली एक बाजू पहिल्यांदाच दुरून उचलता येऊ लागली. वैद्याचे पैसे, औषध, दूध, सांजा हे सारे मुंबईहून येऊ लागले. भावाभावांत वाटणीही होऊ लागली: थोरल्याने अमुक पाठवायचे, धाकट्याने तमुक. वाद झालाच तर पुरावा होता. मुंबईत पावत्या, गावी कूपने, दोन्हीकडे तारेला टोचून ठेवलेली. कोण आईवडिलांना पाहतो आणि कोण पाहत नाही याचा निवाडा त्या कागदांवरून होऊ लागला. ‘पाहणे’ या क्रियापदाचा अर्थच बदलला, असे म्हटले तरी चालेल. ज्याच्या पावत्या जास्त तो आईला पाहणारा मुलगा. जी सून रात्री तिला उठवून मागच्या दारी नेत होती, तिच्या नावाने कोणतेही कूपन फाटत नव्हते.

येथे गिरणी कामगारांना दोष देण्याचा हेतू नाही. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात खानावळीचे बिल भागवून उरलेले पैसे पोस्टात नेऊन भरणारा माणूस आपल्या परीने आईचे करतच होता, आणि कोकण पुढे मनीऑर्डरच्या अर्थव्यवस्थेचा प्रदेश म्हणून ओळखले गेले ते अशाच माणसांमुळे. मुद्दा साधनाचा आहे. ज्या सेवेचा कागद होऊ शकतो ती वाटली गेली, आणि जिचा होऊ शकत नाही ती जिथल्या तिथे राहिली. पुढे प्रत्येक नव्या साधनाच्या वेळी हेच घडत गेलेले दिसते.

तारेविषयी फार सांगण्याची गरज नाही. भारतात ती सर्वसामान्यांना १८५५ पासून खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये बंद झाली. या दीड शतकात मराठी घरांत तार म्हणजे वाईट बातमी हेच समीकरण राहिले. पैसे शब्दांवर मोजले जात, त्यामुळे आजारपणाचा सगळा विस्तार ‘आई सीरियस, ताबडतोब निघा’ एवढ्यात मावे. आई गेलेली असली तरी पुष्कळदा ‘सीरियस’ असेच कळवत, वाटेत मुलाला धीर राहावा म्हणून. शुश्रूषेच्या दृष्टीने तारेने एकच काम केले: सेवा संपत आल्यावर किंवा संपल्यावर मुलाला बोलावून घेतले. दूरच्यांच्या वाट्याला शेवट आला. मधली वर्षे पुन्हा घरच्यांकडेच राहिली.

खरा बदल टेलिफोनने केला, आणि तोही उशिरा. मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज १८८२ सालचे असले तरी सामान्य घराचा त्याच्याशी संबंध पुढे जवळपास शंभर वर्षे आला नाही. ट्रंक कॉल नोंदवायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे, मग तासन् तास थांबायचे. त्यातून शेजाऱ्यांच्या फोनवर, म्हणजे ‘पी.पी.’ नंबरवर, ओरडून बोलायचे. अशा संभाषणात आईच्या पायाची सूज उतरली की नाही याची चर्चा कोण करणार? १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात एसटीडी सुरू झाली. १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत गावोगाव पिवळ्या पाट्यांचे बूथ दिसू लागले. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणानंतर बूथसमोर रांगा लागत, आणि आत लाल आकड्यांचे मीटर पळत असे. वाचकांपैकी अनेकांनी त्या रांगेत आपला नंबर येण्याची वाट पाहिली असेल.

या बूथमुळे दुखण्याची बातमी ही घटना न राहता मालिका झाली. दर रविवारी फोन. काय खाल्ले, झोप लागली का, डॉक्टर काय म्हणाले, मग दुसऱ्या डॉक्टरांना का दाखवले नाही? दूरचा मुलगा आता नुसते पैसे पाठवत नव्हता, तो प्रश्न विचारत होता आणि निर्णयात भाग घेत होता. हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर जवळच्या माणसाच्या मागे एक नवे काम लागले, ते उत्तरे देण्याचे. सेवा करायची, आणि ती कशी केली याचा अहवालही द्यायचा. तो दोन-तीन ठिकाणी वेगवेगळा, प्रत्येकाला सोसेल अशा बेताने द्यायचा. साधनाने कष्ट वाटले जाण्याऐवजी वाढले, असे पहिल्यांदा झाले ते येथे.

या काळातल्या आपल्या रंगभूमीकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) मुलाच्या आणि मुलीच्या अशा दोन्ही घरांत बापाची अवहेलना होते, जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने अमेरिकेतल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले आईबाप रंगमंचावर आणले. दोन्ही नाटकांचे मोठेपण वादातीत आहे. परंतु या परंपरेत म्हातारपणाचे दुःख बहुधा उपेक्षेचे दुःख म्हणून येते. जिथे उपेक्षा होत नाही, सेवा होते, आणि ती करता करता करणारी व्यक्ती झिजत जाते, त्या घरात नाटक घडत नाही असेच जणू गृहीत धरलेले आहे. कागद जसा त्या सेवेचा झाला नाही तसा प्रवेशही झाला नाही.

१९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि डॉक्टर, इंजिनीअर होऊन तिकडे जाणाऱ्या मराठी मुलांची संख्या वाढत गेली. १९८१ मध्ये शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना होण्याइतकी ती वाढली. आता अंतर बोटीच्या किंवा एसटीच्या एका रात्रीचे राहिले नाही. याच संदर्भात वैद्यकातल्या एका संज्ञेचा उल्लेख करावासा वाटतो. १९९१ साली अमेरिकेतील वृद्धवैद्यकाच्या एका नियतकालिकात ‘कॅलिफोर्नियातली मुलगी’ या लक्षणसमूहावर लेख आला. म्हातारी आई मरणाच्या वाटेवर आहे, जवळची मुले आणि डॉक्टर यांनी आता यातना वाढवायच्या नाहीत असे ठरवले आहे. तेवढ्यात लांबून एक मुलगी येते आणि सगळे उपचार करा, काहीही बाकी ठेवू नका, असा आग्रह धरते. जितकी वर्षे दूर, तितका आग्रह मोठा. गमतीचा भाग असा की कॅलिफोर्नियातले डॉक्टर याच प्रकाराला न्यूयॉर्कची किंवा शिकागोची मुलगी म्हणतात. आपल्याकडे या जागी कोण बसतो हे सांगायला नको. अर्थात त्या आग्रहाच्या मुळाशी दुष्टपणा नसतो. ज्याला कूस बदलता आली नाही तो व्हेंटिलेटर मागतो. बोलण्याचा अधिकार साधनांनी झपाट्याने वाढवला आणि हातांचा वाटा होता तिथेच ठेवला, त्याचे हे फळ आहे.

पुढचा टप्पा संगणकाचा. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ‘केअरिंगब्रिज’ सुरू झाले, ते एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाची खबर सगळ्या आप्तेष्टांना एकाच ठिकाणी कळावी म्हणून. तेच तेच पुन्हा सांगण्याचा शीण वाचवणे हा त्यामागचा साधा विचार होता; एसटीडीने लादलेल्या कामावरचा तो उतारा म्हणता येईल. नंतर तिकडे कामांची यादी करणाऱ्या सोयी निघाल्या. मंगळवारी दवाखान्यात कोण नेणार, गुरुवारी जेवण कोण देणार, हे दिनदर्शिकेत मांडायचे आणि ज्याने त्याने आपले नाव घालायचे. आपल्याकडे २००३ साली मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले, त्याच वर्षी स्काइप निघाले (ते मे २०२५ मध्ये बंद झाले), आणि पुढच्या दशकात व्हॉट्सॲपचे ग्रुप घरोघर पोचले. यातली खबर देण्याची बाजू आपण तत्काळ उचलली, कामांच्या यादीची मात्र नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर आईचा रक्तदाब रोज येतो, तिचा हसरा फोटो येतो, त्यावर नमस्काराचे हात येतात. रविवारी रात्री कोण जागणार, हा प्रश्न तिथे लिहिला जात नाही, कारण त्याचे उत्तर विचारण्यापूर्वीच ठरलेले असते.

कायद्यानेही हीच रीत पाळली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय देखभाल व उपचार; न्यायाधिकरणाला दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरवून देता येते. ‘अपत्ये’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. सुनेवर जबाबदारी टाकली नाही हे न्याय्यच आहे. मात्र ती जे करते तेही त्यामुळे हिशेबाबाहेर राहते. पैशांत मोजता येईल तेवढेच कायदा वाटून देऊ शकतो, आणि त्या अर्थाने तो मनीऑर्डरचाच वारसदार आहे. घरातल्या माणसांची देखभाल करण्यात कोणाचा किती वेळ जातो हे देशभर मोजले गेले ते २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत. असे काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी १३४ मिनिटे वेळ त्यात जात होता, पुरुषांचा ७६ मिनिटे. यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे, त्यामुळे केवळ वृद्धांच्या शुश्रूषेचा आकडा म्हणून तो वाचता येणार नाही. तरी या कामाची मिनिटे कोणीतरी लिहून घेतली हेही थोडे नाही.

मार्च २०२० मध्ये सगळ्याच कुटुंबांची एकदम परीक्षा झाली. २२ मार्चपासून परदेशाहून येणारी प्रवासी विमाने बंद झाली, आणि नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे पूर्ववत व्हायला मार्च २०२२ उजाडले. मधल्या काळात जे येऊ शकले ते खास परवानगीच्या उड्डाणांनी, आणि पुष्कळांना आईवडिलांचे अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घ्यावे लागले. पण त्याच महिन्यात, २५ मार्चला, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. डॉक्टरांनी दुरून सल्ला देण्याला स्पष्ट चौकट मिळाली, आणि रुग्णाच्या वतीने शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीने सल्ला मागणेही तिच्यात नोंदले गेले. दूरच्या मुलाने डॉक्टरांच्या भेटीत पडद्यावरून बसणे, औषधे मागवणे, विम्याची कागदपत्रे भरणे हे त्या दोन वर्षांत इतके अंगवळणी पडले की पुढे ते सोडायचे कोणाच्या मनात आले नाही. एसटीडीने लादलेला अहवालाचा भार यामुळे खरोखर हलका झाला. डॉक्टर काय म्हणाले हे विचारायचे कारण उरले नाही, सगळ्यांनी ते एकदमच ऐकलेले असते.

माझ्या परिचयाच्या एका घरात याच्याही पुढची गोष्ट घडली, ती सांगण्यासारखी आहे. आईला अर्धांगाचा झटका आला होता. थोरला मुलगा आणि वहिनी तिच्याजवळ, दुसरा मुलगा दक्षिणेत, मुलगी कॅलिफोर्नियात. दोन वर्षे वहिनींनी एकटीने काढल्यावर ब्यूरोतून रात्रपाळीची बाई ठेवली गेली. ब्यूरोच्या शिस्तीप्रमाणे ती वही लिहू लागली. अंथरुणाचे व्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. तेव्हा वहीत अकरा वाजता डावी कूस, एक वाजता उजवी, सव्वादोनला लघवी, चादर बदलली, तीनला पुन्हा डावी, पाचला थोडे पाणी. सकाळी या पानाचा फोटो ग्रुपवर जाऊ लागला. मुलीने तो पहिल्यांदा वाचला तेव्हा तिने विचारले, हे बाई यायच्या आधी कोण करत होते? वहिनींनी उत्तर दिले नाही, आणि ग्रुपवर त्या दिवशी आणखी कोणी काही लिहिले नाही.

त्यानंतर मात्र त्या मुलीने त्या वहीवरून एक तक्ता केला. प्रत्येक काम एका ओळीत, पुढे करणाऱ्याचे नाव. बिले, विमा आणि औषधे तिने स्वतःकडे घेतली. कॅलिफोर्नियाचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे असते, म्हणजे इथली मध्यरात्र हा तिथला ऐन दिवस. बाईच्या सुट्टीच्या रात्री कॅमेऱ्यावर लक्ष ठेवण्याचे कामही तिने घेतले. अंतराचा असा उपयोग मनीऑर्डरच्या काळात कोणाच्या स्वप्नातही आला नसता. परंतु कॅमेऱ्यात आई उठू पाहते आहे असे दिसले तर तिने फोन करायचा तो वहिनींनाच, आणि उठायचे त्यांनीच. तक्त्यात ही ओळ आली तेव्हा ती तशी ठेवता येणार नाही हे सगळ्यांनाच दिसले. दुसरा मुलगा दोन महिन्यांतून एक आठवडा रजा काढून येऊ लागला. त्या आठवड्यात वहिनी माहेरी जातात. दुरून करायच्या कामांपैकी सर्वांत उपयोगी काम ठरले ते प्रत्यक्ष येण्याचे वेळापत्रक आखणे.

रात्रपाळीची ती बाई मराठवाड्यातली आहे. तिची आई गावी आहे, गुडघ्यांनी अधू झालेली, आणि भावजय तिचे करते. पगार झाला की बाई फोनवरून भावाच्या खात्यात पैसे टाकते, आणि कामावर चढण्यापूर्वी रोज संध्याकाळी पडद्यावर आईचा चेहरा पाहून घेते. पैसे पोचल्याचा संदेश दोन क्षणांत येतो. त्यावर आईचा अंगठा नसतो, आणि भावजयीची रात्र कशी गेली हे लिहून ठेवणारी वही त्या घरात अजून आलेली नाही.